सतरा नंबरचं माप

बद्रीनाथला जेवताना ताटाकडं बघायचा कंटाळा होता. उजव्या हातानं भाकर मोडायची, डाव्या हाताच्या अंगठ्यानं मोबाईल चिवडायचा, आणि तोंडात पिठलं गेलं का माती गेली, विचारलं तर सांगता यायचं नाही. कस्तुराबाईला त्याचा लई राग. दारातलं कुत्रंसुद्धा तुकडा टाकणाऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघतं, हा तेवढंही करत नाही, असं तिनं सून रत्नमालाला शंभरदा ऐकवलं होतं.

ही खोड तरी परवडली. दुसरी तिला त्याहून सलायची. बद्रीनाथ गोड होता. आला की "मोठी माय" म्हणून पायावर डोकं ठेवायचा, गेला की पुन्हा ठेवायचा. त्याच्या तोंडून कधी शिवी म्हणून बाहेर पडली नाही. धनगराच्या घरात हे नवलच. कस्तुराबाईचा नवरा मरताना शेवटचं जे बोलला ते एका मारक्या मेंढ्याच्या आईचा उद्धार होता, आणि ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं होतं, की म्हातारा शुद्धीवर आहे. अशा घरात वाढून हा एवढा गुळगुळीत कसा निघाला?

"ज्याच्या तोंडातून शिवी भायेर पडत नाय," ती रत्नमालाला म्हणायची, "त्याची शिवी जाती कुठं गं?"

रत्नमाला हसायची. बद्रीनाथ म्हणजे कस्तुराबाईच्या धाकट्या दिराचा पोरगा. दीर लवकर गेला, तेव्हा त्याला हिनंच वाढवलं. आता हर्सूलच्या माळावर, जिथं ह्यांच्या मेंढ्या चरायच्या, तिथं त्याच्या प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या होत्या. दोन इमारती उठत होत्या. त्याची आई भामाबाई त्याच्या बायपासच्या बंगल्यात राहायची, आणि हा मात्र रविवार सोडून रोज दुपारी जेवायला कस्तुराबाईकडं, कारण साइटचं ऑफिस शेजारीच होतं. माळ गेला, मेंढरं चाळीसवर आली. कस्तुराबाई त्याला तरीही वाढत होती. रक्ताचं माणूस आहे, काय करता.

त्या साली पावसानं तोंड दाखवलं ते पाठ फिरवण्यापुरतंच. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं. नळ आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, आणि तोही पहाटे तासभर शिंकायचा. मग टँकर. टँकर यायचा म्हणायचे, पण कुणाच्या गल्लीत यायचा हे देवालाच ठाऊक.

कस्तुराबाईची नात दिपाली, तिचा लेक बिरू आणि रत्नमाला यांची पोरगी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिनं फेसबुकवर एक पान काढलं. कोणता टँकर, किती वाजता, कोणत्या गल्लीत, एवढंच लिहायची, फोटोसकट. महिन्याभरात अर्धं हर्सूल ते पान बघून हंडे उचलायला लागलं. मग एक दिवस तिनं दोन टँकर नव्या इमारतीच्या बांधकामावर रिकामे होताना टिपले. दुसऱ्या दिवशी बायांनी रस्त्यात आडवं बसून तिसरा टँकर गल्लीत वळवला. बद्रीनाथनं जेवता जेवता दिपालीला शाब्बासकी दिली. घराण्याचं नाव काढलंस ताई, म्हणाला.

आठवड्यात घाण सुरू झाली. दिपालीच्या पानावर, तिच्या फोटोंखाली, गल्लीच्या व्हॉट्सॲपवर. कुणी तिच्या तोंडाला भलतंच धड चिकटवलं. कुणी मेंढरंवाली म्हणालं, कुणी टँकरच्या ड्रायव्हरांची नावं तिच्या नावाला जोडली. लॅबच्या मालकीणबाईनं, थोडे दिवस घरी रहा, असं मायेनं सांगितलं. दिपाली जी घरात बसली ती बसलीच. फोन गादीखाली, पान बंद, तोंड बंद. टँकर कुठं जातो हे पुन्हा कुणाला कळेनासं झालं.

बिरू साधा माणूस. त्यानं मान खाली घातली आणि पैठणकडचं एक स्थळ काढलं. अक्षय तृतीयेला उरकून टाकू, लोक विसरतील, म्हणाला.

कस्तुराबाईनं परात आपटली. "चोर भायेर फिरतोय आन् तू आपल्याच पोरीला घरातून हाकलायलास व्हय? थांब. आधी मला तो लिवणारा पायजे. लग्नाचं मग."

बिरू म्हणाला, माय, तो कुठं सापडणार, फोनमधली माणसं हवेत असतात. कस्तुराबाई म्हणाली, हवेतली असतील तर त्यांना पाण्याची काय पडलीय?

अशात औरंगपुऱ्यातून मृण्मयी नावाच्या बाईचा दिपालीला निरोप आला. ती एका संस्थेत होती. मराठवाड्यात पाण्यावर, रेशनवर, रस्त्यावर बोलणाऱ्या बायांना फोनवर जे लिहिलं जातं ते गोळा करून मोजायचं, असं तिचं काम. दिपालीच्या पानावरचं घेऊ का, अशी परवानगी तिला हवी होती. पोरगी महिन्यानं उंबरा ओलांडतेय म्हटल्यावर कस्तुराबाई तिच्यासोबत रिक्षात बसली. शिवाय मोजतात म्हणजे काय करतात ते तिला बघायचंच होतं. शेण मोजतात का खडे?

जिना चढून गेल्यावर दोन खोल्या. आत श्रीरंग नावाचा सडसडीत माणूस आकडे मांडत बसलेला, आणि पुण्यात शिकलेल्या दोन मुली पडद्यावरचं एकेक वाक्य वाचून त्याला नंबर देत होत्या. मृण्मयीनं समजावलं ते असं. प्रत्येक वाक्य तीन माणसं वेगवेगळी वाचतात आणि शून्य ते चार असा नंबर लावतात. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे सगळ्यात वाईट. एकानं दुसऱ्याचा नंबर बघायचा नाही. तिघांचं जमलं तर ते धरायचं, नाही जमलं तर बसून बोलायचं. अशी दहा हजार वाक्यं झाली की कुणाला, कधी, किती त्रास होतो ते कळतं, आणि पुढं संगणकालाही ओळखायला शिकवता येतं.

"आन् मग लिवणाऱ्याला काय करता?" कस्तुराबाईनं विचारलं.

मृण्मयी म्हणाली, आम्ही काही करत नाही, आजी. नावंसुद्धा काढून टाकतो. माणसाच्या जागी नंबर.

"म्हंजी चोराचं पाऊल मोजायचं, चोर सोडून द्यायचा."

मृण्मयी हसली, पण तिला ते लागलं. पाऊल मोजल्याशिवाय चोर होता हेच कुणी मानत नाही, असं ती हळू आवाजात म्हणाली. दिपालीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

तेवढ्यात पलीकडं एक मुलगी वाक्य मोठ्यानं वाचत होती. कुण्या भावाच्या फोटोखाली बहिणीनं लिहिलेलं, "मुडदा बशिवला तुझा, किती वाळलास रे, घरी ये." मुलीनं त्याला तीन दिले. कस्तुराबाई खुर्चीतून उठलीच. अगं, बहीण रडतीय भावासाठी, आणि तू तिला गुन्हेगार करतीस? शून्य लाव आधी. मुलीनं पुढचं वाचलं. एका अंगणवाडीच्या बाईला कुणी लिहिलं होतं, "मॅडम, आपण फार धावपळ करता. मुलं शाळेतून एकटी घरी जातात, रस्ता सुनसान आहे, काळजी घ्या." मुलीनं शून्य दिला. कस्तुराबाईनं तो खोडायला लावला.

"ह्याला चार," ती म्हणाली. "ह्यो तिच्या लेकरांचा रस्ता सांगायलाय तिला."

श्रीरंगनं पेन खाली ठेवलं. मृण्मयीनं विचारलं, चार कशाला द्यायचे, आजी, तुमच्या मते? कस्तुराबाईला विचार करावा लागला नाही. जे वाचून माणूस घराबाहेर पडायचं थांबतं ते चार, बाकी सगळी बडबड. मृण्मयीनं ते आपल्या नियमांच्या वहीत तसंच्या तसं उतरवलं.

अशी दुसरीपर्यंत शिकलेली कस्तुराबाई त्या कामाला लागली. मुली आपापला नंबर आधी लिहून झाकायच्या, मग वाचायच्या, ही आपला सांगायची. त्याआधी मृण्मयीनं तिच्यापुढं कागद ठेवला. इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं, कुणी लिहिलं ते शोधायचं नाही, बाहेर कुणाला सांगायचं नाही. कस्तुराबाईनं तो दोनदा वाचून घेतला. दुसरा नियम तिला अजिबात पसंत नव्हता, शोधायला तर ती आली होती. पण दिपाली त्या खोलीत येऊन बसत होती, मुलींशी दोन शब्द बोलत होती. कस्तुराबाईनं दात-ओठ खात सही केली. अक्षरं बकऱ्याएवढी मोठी.

"सही ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी व्हय म्हणलं ना, ते पक्कं."

दिपालीबद्दलचं तिला ऐकवायचं नाही, ती वाक्यं दुसऱ्या टोळीकडं जातील, असंही ठरलं. घरच्या माणसानं घरचं माप घेऊ नये.

दोन आठवड्यांत तिच्या कानांवरून हजारभर वाक्यं गेली. आचरट शिव्यांना ती एक-दोनवर उडवून लावायची. गावठी पोरं आहेत, म्हणायची, तोंड धुवून येत नाहीत, पण दार ठोठावायला यायची ह्यांची टाप नाही. तिचे चार जायचे ते भलत्याच ठिकाणी. आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे निघाले. नंबर सतरा. सतरा शिवी द्यायचा नाही. ताई म्हणायचा, मॅडम म्हणायचा, आदर करायचा. सहा बायांना त्यानं असा आदर करून घरात बसवलं होतं. मुली त्याला शून्य द्यायच्या, कस्तुराबाई चार. फरक एवढा मोठा, की श्रीरंगनं सगळ्यांना बसवलं आणि सतराची चाळीस वाक्यं पुन्हा पहिल्यापासून वाचली. संध्याकाळपर्यंत दोन्ही मुलींचे नंबर चारवर आले होते. एकीला तर घरी फोन करावासा वाटला. श्रीरंग म्हणाला, आपण शिव्या मोजत होतो, हा माणूस आपल्या चाळणीतून पाण्यासारखा गेला असता.

कस्तुराबाईला त्या सतराचा राग यायचा तसा एक ओळखीचा वासही यायचा. पण नाव नव्हतं, तोंड नव्हतं.

मग एका मंगळवारी मुलीनं सतराचं आणखी एक वाचलं, "ताईंबद्दल आदर आहेच. पैठणच्या शिवारात मेंढरं कातरायच्या कातरीनं जिची नाळ कापली, ती आता शहराला पाणी कसं वाटायचं ते शिकवणार. दिवस चांगले आले म्हणायचे."

दिपालीचं नाव नव्हतं म्हणून ते वाक्य चुकून ह्या टोळीत आलं होतं.

कस्तुराबाईनं चहाची बशी खाली ठेवली. चोवीस वर्षांमागं, पैठणच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी आपल्या रानात ह्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. बिरू पुढच्या मुक्कामाचं रान बघायला गेलेला. रत्नमालाला आठव्यातच कळा लागल्या. जवळ दवाखाना नाही, विळा नाही. कस्तुराबाईनं लोकर कातरायची कातर उकळत्या पाण्यात बुडवली आणि नातीची नाळ कापली. नाव मात्र हर्सूलला लिहवलं, तिथंच जन्मली म्हणून, शाळेला अडचण नको. कातरीचं कुणाला सांगितलं नाही. बाळंतिणीला लोक नावं ठेवतील म्हणून बिरूलाही नाही. तिथं तेव्हा चौघंच होती. ती स्वतः, रत्नमाला, जाऊ भामाबाई, आणि भामाबाईनं ज्याला कातर आणायला पळवलं तो तिचा पोरगा.

मुलगी नंबरासाठी थांबली होती. कस्तुराबाई म्हणाली, ह्याचं मला वाचू नका. सतराचं इथून पुढं एकही वाचू नका.

मृण्मयीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मुलीला पुढचं वाक्य काढायला सांगितलं. जिना उतरताना मात्र ती मागं आली. आजी, तुम्ही शब्द दिलाय, एवढंच म्हणाली.

"दिलाय तर," कस्तुराबाई म्हणाली. "तुमच्या खोलीतलं तुमच्या खोलीत सोडून चाललीय मी. पदर झाडून दाखवू का?"

मग ती रिक्षात बसली. शब्द दिला होता, आणि तिच्या शब्दावर आजवर मेंढरांचे सौदे झाले होते. त्या खोलीत ऐकलेलं ती कुणाला सांगू शकत नव्हती, बिरूलाही नाही. वाटेत तुरुंगाची भिंत लागली, ती संपेपर्यंत तिनं डोकं चालवलं. तेच वाक्य नातीच्या फोनातही असणार की. खोलीतलं त्यांचं, पण नातीवर जे थुंकलं ते घरचं. ते ऐकायला कुणाची परवानगी?

घरी येऊन तिनं दिपालीला बाजेवर बसवलं. काढ तो फोन, म्हणाली, आणि पहिल्यापासून वाच. दिपाली नको म्हणाली. रडली. कस्तुराबाईनं तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, परक्या बायांचं हजार ऐकलं मी, माझ्या नातीचं मला कुणी ऐकवंना.

दिपाली वाचायला लागली. सुरुवातीला पुटपुटत. कस्तुराबाई प्रत्येकाला खोलीतल्यासारखा नंबर लावत गेली. दोन. एक. ह्याला एक. एका बहाद्दरानं अर्धं पान भरून घाण लिहिली होती, त्याला तिनं पाव नंबर दिला. "ह्याच्या आयला बोलवा, ह्याचं नाक पुसायचं ऱ्हायलंय," म्हणाली. दिपालीला हसू आलं. दीड महिन्यात पहिलं. मग ती जोरात वाचायला लागली.

"जागरूक हर्सूलकर" असं नाव लावलेला एक होता. ताई म्हणायचा. ताईंचं टँकरच्या ड्रायव्हरांशी चांगलं जमतं, म्हणून त्यांच्या गल्लीला पाणी वेळेवर, घरच्यांनी असंच प्रोत्साहन द्यावं. ताईंच्या लॅबमध्ये रक्त द्यायला जाणाऱ्यांनी विचार करावा. आणि मग ते कातरीचं. दिपाली म्हणाली, ह्याला येड लागलंय आज्जे, कातर कसली?

कस्तुराबाईनं तिला कातर कसली ते सांगितलं. पहिल्यांदा, सगळं, पैठणच्या रानासकट. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, तू अंगठ्याएवढी होतीस आणि कातरीला घाबरली नाहीस, म्हणाली. दिपाली बराच वेळ आपल्याच पोटावर हात ठेवून बसली.

"त्याच्यावर टाइम असतो का गं?"

असतो, दिपाली म्हणाली. तिनं वाचला. दुपारी एक वाजून बारा मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशीचं, एक वीस. त्याच्याही आदल्या दिवशीचं, एक आठ. त्या हर्सूलकराची तीसच्या तीस एक ते दीडमधली. रविवारचं एकही नाही.

कस्तुराबाई चुलीकडं बघत राहिली. चुलीपासून चार पावलांवर तो पाट, जिथं ती रोज दुपारी त्याला वाढायची.

"आज्जे," दिपाली म्हणाली, "आपल्या घरात बसून?"

"आपली भाकर मोडत."

बिरूला सांगू का, असं दिपालीनं विचारलं. कस्तुराबाईनं मान हलवली. बिरूला कळलं तर तो काठी घेऊन निघेल, मग गाव बिरूच्या काठीबद्दल बोलेल आणि ह्याच्या अंगठ्याबद्दल कुणी बोलणार नाही. तिनं दिपालीला एवढंच सांगितलं, की ह्या हर्सूलकराचं सगळं कागदावर छापून आण, अक्षरं मोठी, वर टाइम पाहिजे. आणि पान उद्याच्या उद्या चालू कर. बिरूला तिनं निरोप दिला, पैठणच्या माणसांना कळव, आमची पोरगी कामात आहे.

त्यानंतर आठ दिवस तिनं बद्रीनाथला जेवू घातलं. तूप वाढलं. घे आणखी, म्हणाली. लसणाची चटणी त्याला आवडते म्हणून मुद्दाम कुटली. आणि प्रत्येक दुपारी समोर बसून तिनं त्याचा अंगठा बघितला. बाहेर जाताना तो पाया पडायचा तेव्हा ती डोक्यावर हात ठेवायची. हात भाजल्यासारखा व्हायचा, पण ठेवायची. रत्नमालाला वाटलं, सासूचा राग उतरला.

राग उतरला नव्हता, त्याला विरजण लागलं होतं. बद्रीनाथला महापालिकेला उभं राहायचं होतं, निवडणूक कधीही लागेल असं बोललं जात होतं, आणि त्यानं समाजाचा मेळावा ठेवला होता. मानाची काठी आणि घोंगडी आपल्याला भाऊकीतल्या सगळ्यात थोरल्या हातानं द्यावी, म्हणजे मोठ्या मायनं, असं तो पायाशी बसून म्हणाला. कस्तुराबाईनं थोडे आढेवेढे घेतले. मग म्हणाली, देईन, पण आधी दोन शब्द बोलेन, माईक मला पाहिजे. त्याचा चेहरा उजळला. म्हातारीचं बोलणं म्हणजे शंभर मतं.

मेळावा दुपारचा होता, हर्सूलच्या एका मंगल कार्यालयात. चारशे माणूस. पुढच्या रांगेत भामाबाई, लेकाच्या कौतुकानं नवं लुगडं नेसलेली. पडद्यामागं बुंदी तळल्याचा वास. दिपाली कागद घेऊन मंचाच्या पायरीला उभी राहिली.

कस्तुराबाईनं माईक धरला. तिनं सांगितलं, की आमच्या घरची पोर पाण्यासाठी उभी राहिली, तर तिला कुणीतरी कागद लिहिलेत. मी अडाणी, मला वाचता येत नाही. भाऊकीत शिकलेला, गोड गळ्याचा एकच, माझा बद्रीनाथ. तो वाचून दाखवील. आणि दिपालीनं कागद त्याच्या हातात दिले.

पहिल्या ओळीवर त्याची नजर पडली तेव्हा त्याचा रंग उडाला. फक्त कस्तुराबाईला दिसलं. हे नंतर बघू मोठी माय, तो हळूच म्हणाला. तिनं माईक त्याच्या तोंडापुढं धरला. चारशे माणूस वाट बघत होतं. म्हातारीला काय ठाऊक असणार, असं त्याच्या मनात आलं असावं, कारण त्याची छाती पुन्हा भरली आणि तो वाचायला लागला. ड्रायव्हरांचं वाचलं. लॅबचं वाचलं. लोकांत कुजबुज झाली, मग संताप. आणि बद्रीनाथला वाटलं, हीच वेळ. कागद हातात चुरगाळून तो ओरडला, की माझ्या बहिणीला असं लिहिणारा एका बापाचा नाही, त्याच्या आईनं त्याला जन्मतःच उकिरड्यावर का टाकलं नाही.

टाळ्या पडल्या. त्याच्या तोंडून शिवी लोकांनी पहिल्यांदाच ऐकली. भामाबाईनंही टाळ्या वाजवल्या.

"पुढचं वाच," कस्तुराबाई म्हणाली.

तो जोरात होता. पुढचं वाक्य डोळ्यांच्या आधी तोंडानं वाचलं. पैठणच्या शिवारात, मेंढरं कातरायच्या कातरीनं, जिची नाळ. तिथं तो थांबला.

भामाबाई खुर्चीतून उठली. तिला आता कमी दिसायचं, पण ऐकू नीट यायचं. ती चाचपडत दोन पावलं पुढं आली.

"कातरीचं कुणाला ठावं?" ती म्हणाली. "जाऊबाई, आपण तिघी. आन् आणायला तूच पळाला होतास ना रं, बद्र्या?"

बद्रीनाथनं माईकपासून तोंड बाजूला घेतलं. कस्तुराबाईनं तो परत त्याच्यापुढं नेला आणि सांगितलं, वर टाइम लिहिलाय, तोही वाच. तो वाचेना. मग दिपालीनं मंचावर चढून कागद त्याच्या हातून घेतले आणि वाचला, सगळ्या कागदांवरचा, एकामागून एक. एक बारा. एक वीस. एक आठ. त्या वेळेला बद्रीनाथ रोज कुठं असतो हे अर्ध्या हर्सूलला माहीत होतं. टँकर कुणाच्या इमारतीवर रिकामे होत होते हेही लोकांनी एकमेकांना सांगायला सुरुवात केली. मागून बिरू काठी घेऊन पुढं आला, त्याला कस्तुराबाईनं नुसत्या हातानं जागेवर थांबवलं.

बद्रीनाथ तिच्या पायाशी वाकायला गेला. ती एक पाऊल मागं सरली, त्याचे हात जमिनीला लागले. मोठी माय, चूक झाली, धंद्याचं टेन्शन होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. भामाबाई मंचाच्या कडेला येऊन उभी राहिली होती, तिनं लेकाकडं बघितलं नाही, जावेचा पदर धरला.

कस्तुराबाईनं माईक खाली ठेवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं, सावकाश, त्याच्याकडं बघून ती बोलली.

"उठ, बद्रीनाथ. तुला मी मारणार नाय, पोलिसात बी देणार नाय, ते दिपाली ठरवंल. माझं एवढंच ऐक. माझ्या घरात तुझं ताट उद्यापासून नाय. भाऊकीच्या लग्नात तुला अक्षता नाय, मयतीला तुझा खांदा नाय. निवडणुकीला उभा ऱ्हा, खुशाल ऱ्हा. तू ज्या दारात मत मागायला जाशील, त्या दारात दिपाली तुझ्या आधी जाऊन हे कागद वाचंल, आन् मी तिच्यासंगं आसंल, माझे पाय चालतात अजून. दिपालीसारख्या आणखी ज्या बायांना तू असं लिवलं आसशील, त्यांच्या दारात बी जाईन मी, त्या कोण हायत ते मला ठावं नाय, पण तुला ठावं हाय, त्यांची नावं आज मला तू लिवून देशील. तुझी आय माझ्याकडं ऱ्हाईल. आता खाली उतर. लोकांना जेवायचंय."